पांढऱ्या खांद्याची वांगी

॥ श्री ॥

मन्नारगुडी,
२० जानेवारी १९६२

ती. गं. भा. वेंकूअक्काचे सेवेशी,

धाकट्या सेतुमाधवाचे शि. सा. नमस्कार वि. वि.

संक्रांतीला तंजावूरला यायचे कबूल करून आलो नाही, यावरून तू बोलणार हे ठाऊक आहे, म्हणून आधीच कान पकडतो. खात्याच्या कामातून डोके वर काढायला सवड नाही. बाबांच्या मागे घर आणि वडवार नदीकाठचा मळा तू एकटीने सांभाळावास आणि मी सरकारचा शेतीशिक्षक होऊन गावोगाव परक्यांना शेती शिकवीत हिंडावे, यावर तू मागल्या खेपेला जे बोललीस, ते चंद्रमती मला अजून जेवताना ऐकवते.

एक काम आहे. महिनाअखेर आमचे मोठे साहेब मन्नारगुडीला येणार आहेत आणि आमच्याकडे जेवणार आहेत. बरोबर चार-सहा माणसे असतील. तुझी ती पांढऱ्या खांद्याची वांगी चाळीस-पन्नास, पडवळे दहा-बारा आणि थोडा घेवडा पाठवशील का? आपला आतेभाऊ वेंकटेश बसकंपनीतच आहे, तो तीस तारखेला पहाटे मळ्यावरून टोपल्या उचलील आणि मला पोचत्या करील. बाजारची भाजी साहेबांपुढे ठेवायला मन होत नाही. वांगी एकसारखी, डाग नसलेली निवड, एवढे मात्र कर.

चंद्रमतीचा नमस्कार. माझ्यावर आहे ती माया अशीच राहू द्यावी.

तुझा
सेतू


॥ श्री ॥

तंजावूर,
२९ जानेवारी १९६२

चि. सेतुमाधवास वेंकूअक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझे पत्र पोचले. भाजी हवी असली की अक्का आठवते, संक्रांतीला आठवत नाही. असो. बोलायचे ते बोलून झाले.

वांगी उद्या पहाटे, ऊन लागायच्या आत कापून देते. परवापासून त्या वाफ्यांचे पाणी तोडले आहे, म्हणजे गर घट्ट राहतो. एरवीही मेट्टूर धरणाचे पाणी कालपासून बंद झाले, वडवार आता आटेल, विहिरीवर भागवायचे. देठ दोन बोटे राखून कापते आणि कापल्या टोकाला विड्याचा चुना लावते, आई लावायची तसा. तो पुसू नका. देठातून ओल गेली नाही की वांगे आठवडाभर तोंड पाडत नाही. पडवळांच्या शेंड्याला खापरीचे तुकडे बांधून ती सरळ वाढवली आहेत, टोकाला केळीच्या सोपटाचा वळ दिसेल, तो रोग समजू नये.

चंद्रमतीला सांग, भरल्या वांग्यात नारळ बेताने घाल. या वांग्याला मूळचीच गोडी आहे. झाडाचे पहिले फळ मी खुडून टाकते, दोन वर्षे मुरलेले खड्ड्यातले खत आणि बांधावरच्या करंजाचा पाला घालते, पेंड ताकात भिजवून मुळाशी देते, हे सगळे तुला अडाण्याचे वाटते ना? साहेबाचा चेहरा बघ आणि मग मला लिही. तुझ्या त्या पांढऱ्या खताला इथली कुळे उप्पु म्हणतात, म्हणजे मीठच. मीठ पानात वाढतात रे, वाफ्यात नाही.

साहेब खूष होऊन तुझी नोकरी एकदाची कायम होवो. अकरा वर्षे हंगामी म्हणजे फार झाली. मी रोज दिवा लावताना तेवढेच मागते. मुलांना आशीर्वाद, आणि येत जा.

तुझी
अक्का


॥ श्री ॥

तंजावूर,
५ फेब्रुवारी १९६२

सेतुमाधवास आशीर्वाद.

आज 'अनेक' लिहायला हात वळत नाही.

काल शेजारच्या राजमने आग्रह केला म्हणून तिच्याबरोबर शेतीचे प्रदर्शन बघायला गेले. राजम मुलींच्या शाळेत शिकवते, तुला माहीत आहेच. तिसरा, शेवटचा दिवस. भाजीच्या मांडवात लोकांनी आणलेली बहुतेक वांगी सुरकुतली होती. मधल्या मेजावर लाल कापड, त्यावर चांदीचा पेला आणि त्याच्याभोवती पंचवीस वांगी अशी तरतरीत की आत्ताच कापली असावीत. पांढऱ्या खांद्याची. देठ दोन बोटे. देठाच्या टोकाला चुना.

वर तमिळमध्ये पाटी होती. राजमने वाचून दाखवली. अमोनियम सल्फेटवर वाढवलेला आदर्श भाजीपाला, पहिला क्रमांक, सेतुमाधवराव, मन्नारगुडी.

मी राजमला पाटी पुन्हा वाचायला लावली. तिला वाटले मला ऐकू आले नाही.

सेतू, तुझ्या साहेबाला जेवायला घालायची म्हणून तू माझ्याकडून वांगी नेलीस. तंजावूरची वांगी बसने मन्नारगुडीला गेली, तिथून परत तंजावूरला आली, कापल्याला सहा दिवस झाले आणि तरी मान ताठ ठेवून उभी होती, हे त्या पाटीवर का नाही लिहिलेस? तुझ्या मिठाने वाढलेले एक तरी वांगे सहा दिवस टिकेल का रे? आयत्या बिळावर नागोबा ही म्हण लहानपणी बाबांनी तुला पाटीवर गिरवायला दिली होती. अक्षर चांगले आले, अर्थ आला नाही.

मेजापाशी खात्याचा एक माणूस किती वाफ्याला किती माप मीठ घालायचे ते गर्दीला सांगत होता. लोक बोटांवर मोजून पाठ करत होते. करंदैचा एक शेतकरी मला ओळखतो, दर वर्षी माझ्याकडून रोपे नेतो. त्याने मला विचारले की अम्मा, तुम्हीही उप्पु घालायला लागलात का? मी गप्प उभी राहिले. हो म्हणवेना, आणि नाही म्हटले तर माझा भाऊ तिथल्या तिथे चोर ठरला असता. चौपन्न वर्षांच्या आयुष्यात माझ्या भाजीविषयी कोणी विचारले आणि मी तोंड लपवले, असे काल पहिल्यांदा झाले. तो माणूस माझ्या गप्प राहण्याला होकार समजून गेला.

काय केलेस आणि का केलेस, ते लिही. गोड लिहू नकोस.

वेंकूबाई


॥ श्री ॥

मन्नारगुडी,
९ फेब्रुवारी १९६२

ती. गं. भा. अक्का यांचे सेवेशी,

सा. न. वि. वि. आपले पत्र पोचले. भावाला चोर म्हणायला आपल्याला फार विचार करावा लागला नाही, हे दिसले.

प्रदर्शनात माल मांडायचा तो मांडला. बियाणे आपल्या घरचे, जमीन माझ्या नावची, मग त्यातली वांगी परक्याची कशी झाली? पाटीवरचा मजकूर खात्याचा असतो, सगळ्यांना एकच. आणि आपण हे ध्यानात घ्या की रोपाचे मूळ नत्र मागते. ते नत्र गाईच्या पोटातून आले की कारखान्यातून, हे ते विचारत नाही. आपल्या अर्ध्या एकराला पुरते शेण आपल्या दोन गाई देतात. साऱ्या जिल्ह्याला पुरेल एवढे शेण कोठून आणायचे? परदेशातून धान्याची जहाजे येतात तेव्हा देश जेवतो. एका एकरात दुप्पट पिकवायचे असेल तर खताचे पोतेच उघडावे लागेल. मी लोकांना जे शिकवतो ते खोटे नाही. आपण तीस वर्षे एक मळा केला, मी अकरा वर्षे दोनशे गावे पाहिली.

आता मुख्य गोष्ट. पहिला क्रमांक आल्यामुळे आपला वडवारकाठचा मळा खात्याने तीन वर्षांसाठी नमुना मळा म्हणून निवडला आहे. मालक म्हणून मी सहा तारखेला संमतीची सही केली. खताचा खड्डा बुजवून तिथे पोती ठेवायला छप्पर होईल. बांधावरचे करंज सावली धरतात म्हणून तोडावे लागतील. गाईंचा गोठा हलवावा लागेल. खात्याचा माणूस लागवड बघेल. आपण आता वयाने थकलात, उन्हातान्हात राबायची जरूर राहणार नाही. या निवडीवर माझी नोकरी कायम होणार आहे. ४ मार्चला साहेब मळा पाहायला येतील.

हे रागाने नाही, समजुतीने घ्यावे. आपली कृपादृष्टी ढळू नये.

सेतुमाधव


॥ श्री ॥

मन्नारगुडी,
१२ फेब्रुवारी १९६२

ती. स्व. अक्कांना सौ. चंद्रमतीचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. माझे बाळबोध अक्षर कच्चे, म्हणून मराठीच पण तमिळ लिपीत लिहिते आहे, राजमबाई वाचून देतील.

यांनी तुम्हाला काय लिहिले ते मला दाखवले नाही, पण पत्र टाकून आले तेव्हा जेवले नाहीत. म्हणून खरे काय झाले ते तुम्हाला कळलेले बरे.

इथे गावाबाहेर यांचा नमुन्याचा वाफा आहे. बी तुमचेच, मागल्या वर्षी तुम्ही दिलेले. कार्तिकातल्या पावसाने घातलेले सगळे खत वाहून गेले. प्रदर्शन तोंडावर आले, तशी यांनी वीस दिवसांत तीन वेळा पोते उघडले आणि रोज पाणी दिले. पुस्तकात इतके लिहिलेले नाही, हे त्यांनाही ठाऊक होते. झाडे कमरेएवढी झाली, पाने काळीभोर, वांगी नारळाएवढी. मलाही आनंद झाला. पण कापली तर आत कापूस. कढईत टाकली की पाणी सुटायचे आणि फोडीचा लगदा व्हायचा. मी वाळवणाला घातलेल्या फोडी चौथ्या दिवशी बुरसल्या. हे काही वांगी टोपलीत ठेवून रोज बघायचे. तिसऱ्या दिवशी देठापाशी बोट लावले तर बोट आत गेले. त्या दिवशी संध्याकाळी ते टोपली पुढ्यात घेऊन ओट्यावर बसून राहिले आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला पत्र लिहिले.

साहेब जेवायला येणार नव्हते. तुमच्या टोपल्या आल्यावर वांगी मीच मऊ फडक्यात गुंडाळली. मला कळत होते. मी बोलले नाही, हा माझा दोष आहे, तो मी यांच्यावर ढकलत नाही. पण मळ्याच्या सहीचे मला काल कळले. अक्का, ती सही व्हायला नको होती.

मुले तुमची आठवण काढतात. रागावलात तरी मला तोडू नका.

चंद्रमती


॥ श्री ॥

तंजावूर,
१७ फेब्रुवारी १९६२

सेतुमाधवास,

मला 'आपण' लिहायला लागलास, म्हणजे मनात काय आहे ते कळले. चोराच्या उलट्या बोंबा याहून वेगळ्या नसतात.

तुझे पत्र मी मळ्यात बसून वाचले. कालियप्पन विहिरीवर मोट ओढीत होता, पत्रात काय आहे म्हणून त्याने विचारले. बावीस वर्षे तो या मातीत आहे. करंज तोडणार आहेत हे त्याला सांगताना मला शरम वाटली, आणि शरम तुला वाटायला हवी होती.

जिल्ह्याला शेण कोठून आणायचे, हे तू मला विचारतोस. सेतू, मी जिल्ह्याचे काही बोललेच नव्हते. तुझ्या पोत्याने कोणाचे भात वाढत असेल तर वाढो, भुकेल्याच्या पानात पडो, मी आडवी येणार नाही. माझा प्रश्न एवढासा आहे. त्या मेजावरची वांगी कोणी पिकवली? तू दोन पाने भरून लिहिलेस आणि एवढ्याचे उत्तर दिले नाहीस.

रोप विचारत नाही म्हणतोस. रोप विचारत नसेल, पण वांगे सांगते. तुझा वाफा कसा गेला ते मला कळले आहे. कोणाकडून ते विचारू नकोस, आणि घरात कोणावर डोळे वटारलेस तर माझ्याशी गाठ आहे. झाडाला भूक नसताना खायला घातले की ते पाणीच पिऊन फुगते. तू ते हाताने केलेस, बोट घालून पाहिलेस, आणि मग माझा माल दाखवून लोकांना तेच करायला सांगितलेस. करंदैचा तो शेतकरी उद्या वीस दिवसांत तीनदा पोते उघडील. त्याची वांगी बाजारात सडली की तो कोणाचे नाव घेईल? पाटीवर तुझे आहे, पण तो मला ओळखतो.

आता जमिनीचे. बाबा गेले तेव्हा मळा तुझ्या नावावर चढला, मला कोणी विचारले नाही, मी कुरकुरले नाही. मुलाच्या नावावर चढायचा तो चढला. पण नवरा गेल्यावर चोविसाव्या वर्षी मी या घरात परत आले, तेव्हा मला दोनच जागा होत्या, स्वयंपाकघराचा कोपरा आणि ती अर्धा एकर खारट माती. ती माती मी खायच्या लायकीची केली. उन्हाळ्यात कालव्याचा गाळ डोक्यावरून वाहिला. तुझ्या कॉलेजच्या खानावळीत जी वत्तलाची, वाळवलेल्या भाजीची, गाठोडी येत होती ती त्याच मातीतली. माझ्या मालाला पहिला नंबर मिळाला म्हणून माझाच मळा माझ्या हातून काढून घेणार, आणि वर मी थकले म्हणून माझी सोय बघितली म्हणणार? मी थकलेले नाही. थकेन तेव्हा सांगेन.

सही तू केलीस, ती तूच मागे घे. ४ मार्चच्या आत.

वेंकूबाई


॥ श्री ॥

मन्नारगुडी,
२४ फेब्रुवारी १९६२

अक्का,

सा. न.

तू लिहितेस ते सगळे खरे आहे. वाफा माझ्या हाताने बिघडला, आणि मी घाबरलो. यापेक्षा जास्त लिहवत नाही.

पण आता सही मागे घेतली तर का घेतली हे सांगावे लागेल, आणि ते सांगितले तर अकरा वर्षे पाण्यात जातील. मोठ्याचे कॉलेज पुढच्या वर्षी आहे. साहेब येऊन जाऊ देत. नोकरी कायम झाली की मी काहीतरी मार्ग काढीन, करंज तरी वाचवीन. त्या दिवशी तू मळ्यावर येऊ नकोस, एवढे माझ्यासाठी कर. तू आलीस तर मला तुझ्याकडे बघून बोलता येणार नाही.

पाया पडतो.

सेतू


॥ श्री ॥

तंजावूर,
६ मार्च १९६२

सेतुमाधवास,

परवा तुझ्याशी एक शब्द बोलले नाही, म्हणून लिहिते. तू होतास, तुला सगळे माहीत आहे. पण तू काय पाहिलेस ते मला ठाऊक नाही, म्हणून मी काय पाहिले ते वाच.

येऊ नकोस म्हणालास, तरी मी आले. माझ्या मळ्यात मला येऊ नकोस म्हणायचे नसते. मनात तुला उघडे पाडायचे नव्हते. साहेबाच्या जिभेलाच सांगू द्यावे, म्हणजे माझ्या तोंडून भावाविरुद्ध शब्द जायला नको, असे ठरवले होते. चंद्रमतीकडे निरोप देऊन तुझ्या वाफ्यातली वांगी मागवली, तिने आणली. मळ्यातच एकाच चुलीवर, एकाच तेलात, तीच चिंच, तेच तिखट घालून मी दोन भाज्या केल्या आणि केळीच्या पानावर शेजारी शेजारी वाढल्या. दोन्ही पांढऱ्या खांद्याची, एकाच बियांची. डावीकडे तुझी, उजवीकडे माझी.

डावीकडची साहेबाने एक घास खाऊन बाजूला सारली. उजवीकडची तीनदा मागून घेतली. मग तमिळमध्ये म्हणाला, हीच ना ती पहिल्या नंबरची वांगी, अमोनियम सल्फेटचा गुण असा जिभेला कळतो. मी पळी हातात धरून तिथेच उभी राहिले. मी म्हटले, साहेब, ती तुम्ही सारलीत ती पोत्यावरची. ही शेणखतावरची. पिकवणारी मी.

त्याने वर पाहिले. मला वाटले, आता विचारील. खड्डा कुठे आहे, पाला कसला, पाणी कधी तोडता, काहीतरी विचारील. तो हसला. म्हणाला, अम्मा, खताचे काय घेऊन बसलात, तुमच्या हातालाच चव आहे.

दोन्ही भाज्या याच हातच्या होत्या, सेतू. एवढा शिकलेला माणूस, त्याला एवढे कळू नये? कळले असणार. पण बाईने पिकवले म्हणण्यापेक्षा बाईने रांधले म्हणणे त्याला सोपे गेले. कारकून हसले. जीपचा ड्रायव्हर हसला.

आणि तू हसलास.

खोटे बोललास ते मी समजू शकले. घाबरलेला माणूस खोटे बोलतो. सही केलीस त्याचा राग होता, पण त्यातही तुझ्या मुलांचे तोंड दिसत होते. हसायला तुला कोणी सांगितले नव्हते. चंद्रमती हसली नाही, ती पाने उचलायला उठली. कालियप्पन हसला नाही. बाबांनी तुला आणि मला एका पाटीवर अक्षरे शिकवली, मला आधी आली आणि तुझा हात मी धरून फिरवला. त्या हाताने मिशी पुसत तू साहेबाबरोबर हसलास.

उद्यापासून खड्डा बुजवायला माणसे येणार म्हणून निरोप आला आहे. येऊ देत. मी खड्ड्याच्या काठावर बसलेली असेन. मला उचलून बाजूला ठेवायचे असेल तर त्या कामाला तू स्वतः ये.

वेंकूबाई


॥ श्री ॥

मन्नारगुडी,
१९ मार्च १९६२

ती. अक्काचे सेवेशी,

सेतूचे शि. सा. नमस्कार.

तुझे पत्र खिशात घेऊन चार दिवस फिरलो. पाचव्या दिवशी कचेरीत जाऊन अर्ज दिला. त्याची नक्कल सोबत आहे. प्रदर्शनातला माल पोत्यावरचा नव्हता, शेणखतावरचा होता, माझा नमुन्याचा वाफा जादा खत घातल्यामुळे वाया गेला होता, आणि जमीनमालक म्हणून मी संमती मागे घेतो, असे त्यात आहे.

साहेबांनी दार लावून घेतले आणि अर्ज परत घ्यायला सांगितले. बक्षीस वाटून झाले, वर्तमानपत्रात आले, आता हे उकरून कोणाचे भले होणार, म्हणाले. एका म्हाताऱ्या बाईच्या हट्टासाठी आयुष्याची माती करतोस, असेही म्हणाले. मी अर्ज घेतला नाही. नोकरी कायम होण्याचे राहिले. पुढच्या महिन्यात रामनाथपुरकडे बदली आहे, तिथे पाण्याची बोंब आहे म्हणतात. नमुना मळा रद्द झाला. खड्ड्यावर आता कोणी येणार नाही.

आता त्या दिवशीच्या हसण्याचे. तुझ्या पत्रात ते वाचेपर्यंत मी हसलो होतो हेच मला कळले नव्हते. ते जास्त वाईट आहे.

तू रागावलेली राहा, तो तुझा हक्क आहे. पण पत्र घालणे सोडू नकोस.

सेतू


॥ श्री ॥

तंजावूर,
२४ मार्च १९६२

चि. सेतुमाधवास आशीर्वाद.

तुझे पत्र आणि नक्कल पोचली. ७ तारखेला माणसे आली होती, मला बघून परत गेली, मग आलीच नाहीत. का आली नाहीत ते आता कळले. मळा राहिला. कालियप्पनला सांगितले, तो करंजाखाली बराच वेळ बसला होता.

तुझी नोकरी गेली नाही पण अडली, याचे मला वाईट वाटते. रात्रंदिवस तेच मागितले होते. मोठ्याला कॉलेजसाठी इथे ठेव, माझ्यापाशी राहील, जेवायची आबाळ होणार नाही. चंद्रमतीला रामनाथपुरला जाण्याआधी आठ दिवस माहेरपणाला पाठव, माझ्याकडे. यात तुझ्यावर उपकार नाही, ती माझी माणसे आहेत.

आता नकलेचे. इंग्रजी मला येत नाही, म्हणून राजमला बोलावले. तिने एकेक ओळ मराठीत सांगितली. खरे लिहायला तुला किती जड गेले असेल ते मला त्यातून कळले, आणि एका जागी डोळे पुसले, ते तुला सांगायला हरकत नाही. वांगी पोत्यावरची नव्हती, लिहिले आहेस. शेणखतावरची, करंजाच्या पाल्यावरची, लिहिले आहेस. 'ती माझ्या वडिलार्जित मळ्यात पारंपरिक पद्धतीने पिकवण्यात आली', असे लिहिले आहेस.

मी राजमला विचारले, कोणी पिकवली ते कुठे आहे? तिने पुन्हा वरपासून वाचले. मग तिसऱ्यांदा वाचले. दोन पाने अर्ज आहे. त्यात साहेब आहेत, खाते आहे, बाबांचे नाव आहे, तुझे नाव चार ठिकाणी आहे, वडवार नदीसुद्धा आहे. मी नाही.

साहेब मला हात म्हणाला. तू मला पद्धत केलेस.

तू हे मुद्दाम केले नाहीस, मला माहीत आहे. तुला सुचलेच नाही. म्हणूनच मला राग येतो आहे, आणि या रागापुढे तो पहिला राग काहीच नव्हता.

दुसरा अर्ज कर. लांब नको. त्यात एवढेच लिही की ही वांगी वेंकूबाईने पिकवली. माझे नाव इंग्रजीत कसे लिहितात ते राजमने या कागदाच्या मागे मोठ्या अक्षरांत काढून दिले आहे. बघून उतरव.

वेंकूबाई